आशीर्वादाचा हिशोब

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. माझ्या आईला, म्हणजे घरातल्या सर्वांच्या आक्काला, आता ब्याऐंशी वर्षे झाली. तिचा पाठचा भाऊ, आमचा नानामामा, पंचाहत्तरीच्या घरात आहे. गुडघे ऐकत नाहीत म्हणून पाटाऐवजी खुर्चीवर बसवून आक्काने त्याला ओवाळले. मग तो रीतीप्रमाणे तिच्या पाया पडण्यासाठी वाकला. आक्काने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "औक्षवंत हो. शंभर वर्षांचा हो."

नानामामा तसाच वाकलेला राहून म्हणाला, "आक्का, शंभर नको गं. ऐंशी म्हण. माझा हिशोब ऐंशीपर्यंतच बसतो."

सगळे हसले. मुलांना तर तो मोठाच विनोद वाटला. "अहो, सणाच्या दिवशी काय हे भलतंच!" एवढे बोलून मामी स्वयंपाकघरात गेली. ती मात्र हसली नव्हती. मीही हसलो होतो. पण रात्री फराळाचे डबे पुन्हा फडताळात गेल्यावर ते वाक्य मनात घोळू लागले. आशीर्वादाला घाबरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला होता. पिढ्यानपिढ्या आपण एकमेकांना दीर्घायुष्य चिंतीत आलो. ते आता खरोखर लाभू लागले आहे. आणि नेमके तेव्हाच त्याचे ओझे का वाटावे? या दीर्घायुष्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न निव्वळ बँकेच्या पासबुकाचा नाही. मला तो नीतीचा वाटतो, म्हणूनच या सणाच्या अंकात तो मांडण्याचे धाडस करतो.

आधी नानामामाचा हिशोब सांगतो. १९७८ साली तो एका कारखान्यात लागला आणि एकतीस वर्षे नोकरी करून २००९ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली. तीत मुलीचे लग्न झाले, घराचे गळके छप्पर नवे झाले. उरले ते बँकेत ठेवीत गेले. शिवाय महिन्याचे निवृत्तिवेतन सुरू झाले. खाजगी नोकरदारांसाठी १९९५ च्या नोव्हेंबरात जी योजना आली, तिचे सूत्र साधे आहे: निवृत्तिवेतनासाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले सत्तर. पण 'धरलेला पगार' या दोन शब्दांत सारी मेख आहे. मामाच्या वेळी त्याची मर्यादा ६,५०० रुपये होती. प्रत्यक्ष पगार त्याहून पुष्कळ असला, तरी बहुतेकांच्या बाबतीत सूत्रात ६,५०० च धरले गेले. वर्षे मोजायची ती १९९५ नंतरची. आधीच्या सतरा वर्षांबद्दल एक किरकोळ ठोक आकडा. गोळाबेरीज अठराशे रुपयांच्या आसपास झाली. २००९ सालच्या पहिल्या महिन्यात अठराशे आले, आणि गेल्या भाऊबीजेच्या महिन्यातही तेवढेच आले. महागाईशी त्या आकड्याचे काही नाते नाही. तेव्हा मामा मुद्दलातून थोडे थोडे काढतो. वर्षाला किती काढायचे, याचे त्याने एका जुन्या वहीत कोष्टक मांडले आहे. ते कोष्टक ऐंशीव्या वर्षी संपते.

आता आक्काचे पाहा. आमचे वडील टपाल खात्यात होते. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. महागाई वाढली की त्यावरचा भत्ता वाढतो. एवढेच नव्हे, तिने ऐंशी ओलांडली तेव्हा मूळ निवृत्तिवेतनात वीस टक्क्यांची वाढ झाली. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे पंच्याऐंशीला तीस टक्के, नव्वदीला चाळीस, पंचाण्णवला पन्नास, आणि शंभरी गाठली तर मूळ रक्कम दुप्पट! म्हणजे 'शंभर वर्षांची हो' हा आशीर्वाद तिच्या बाबतीत सरकारने चक्क नियमावलीत लिहून ठेवला आहे. एकाच आईची दोन लेकरे. एकाच्या म्हातारपणाला दर पायरीवर हात आहे, दुसऱ्याच्या जिन्याला ऐंशीच्या पुढे पायऱ्याच नाहीत. टपाल वाटणे आणि यंत्र चालवणे या दोन कष्टांत असा काय फरक होता?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी ठरवावे लागेल की निवृत्तिवेतन म्हणजे काय. ते दान आहे, बक्षीस आहे, की ऋण?

आपल्या मुलखाला 'पेन्शन' हा शब्द फार जुन्या काळापासून ठाऊक आहे, आणि त्याची पहिली ओळख काही सुखाची नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावाला कंपनी सरकारने वर्षाला आठ लाख रुपये बांधून दिले आणि ब्रह्मावर्ताला धाडले. १८५१ साली बाजीराव वारला. दत्तक पुत्र नानासाहेबाने ते पुढे चालू ठेवण्याची मागणी केली, तेव्हा ही रक्कम बाजीरावाच्या हयातीपुरतीच होती, असे सांगून डलहौसीने ती नाकारली. पुढे सहा वर्षांनी काय झाले ते शाळकरी मुलांनाही माहीत आहे. बाजीरावाविषयी कोणाला प्रेम असो वा नसो, त्या प्रकरणातून एक गोष्ट उघड होते. जे देणाऱ्याच्या मर्जीवर मिळते ते देणाऱ्याच्या मर्जीवर थांबते, आणि मर्जी कोठे संपते हे देणाराच ठरवतो.

हीच वृत्ती १८७१ च्या पेन्शन कायद्यात उतरली. सरकारी पेन्शनचा दावा दिवाणी न्यायालयात नेण्याची वाट त्या कायद्याने अडवली. याचा अर्थ, मिळाले तर मुजरा करा, न मिळाले तर मुकाट्याने बसा. ही समजूत मोडायला शंभर वर्षे जावी लागली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हा सरकारी नोकराचा हक्क असल्याचे सांगितले. त्यानंतर १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठाने त्यात स्पष्ट केले की निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नव्हे. माणसाने उमेदीच्या काळात केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे आणि उतारवयातील सामाजिक न्यायाचा भागही आहे. ती तारीख आजही निवृत्तिवेतनधारक आपला दिवस म्हणून पाळतात.

मला हे मत मनापासून पटते. महिन्याच्या पगारातला एक हिस्सा माणूस आज खात नाही, हात थकल्यावर खाण्यासाठी मागे ठेवतो. किंवा मालक तो त्याच्या नावे ठेवतो. तो राखून ठेवलेला पगारच आहे. राखून ठेवलेला पगार परत देणे याला औदार्य म्हणत नाहीत, देणे फेडणे म्हणतात.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ऋण मानले तरी किती ऋण, हे कसे ठरवायचे? घर बांधायला घेतलेले कर्ज किती हप्त्यांत फिटणार हे आधी ठाऊक असते. आयुष्याचे हप्ते कोणी मोजले आहेत?

येथे माणसाच्या बुद्धीने एक फार सुंदर युक्ती काढली आहे. इंग्रजीत तिला ॲन्युइटी म्हणतात. आपल्याकडे 'वर्षासन' हा जुना शब्द आहे. देवस्थानाला, विद्वानाला वर्षाला नेमून दिलेली रक्कम म्हणजे वर्षासन. तोच शब्द मी येथे वापरतो. माणसाने एकरकमी पैसे भरायचे आणि समोरच्याने त्याला मरेपर्यंत ठराविक रक्कम देत राहायचे, असा हा करार.

दोनच माणसांत हा करार झाला तर त्याला जुगाराचे रूप येते. फ्रान्समधील आर्ल गावच्या झान काल्माँ या बाईची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९६५ साली, ती नव्वद वर्षांची असताना, एका सत्तेचाळीस वर्षांच्या कायदेपंडिताने तिच्याशी करार केला: तू जिवंत आहेस तोवर महिन्याला २,५०० फ्रँक देतो, तुझ्यामागे तुझे राहते घर माझे. गृहस्थाला वाटले असेल, चारसहा वर्षांचा प्रश्न! तीस वर्षे पैसे भरून १९९५ साली तो स्वतःच वारला. घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक पैसे तोवर गेले होते. त्याच्यामागे त्याच्या बायकोलाही हप्ते भरावे लागले. बाई गेली १९९७ साली, एकशे बावीस वर्षांची होऊन. गोष्ट ऐकून आपण हसतो. पण त्या घरात महिन्याच्या महिन्याला कोणते विचार येत असतील, हे मनात आणले की हसू मावळते. एकाच्या जगण्यावर दुसऱ्याचा तोटा अवलंबून असावा, ही रचनाच अभद्र आहे.

आता दोघांऐवजी दहा हजार माणसे एकत्र आणा. कोण किती जगेल हे कोणालाच ठाऊक नाही. पण दहा हजारांतले साधारण किती जण ऐंशी गाठतील हे मात्र सांगता येते. धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एडमंड हॅलेने १६९३ साली ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून असेच कोष्टक मांडले आणि वर्षासनाची किंमत कशी काढावी ते दाखवले. अशा मोठ्या समूहात जो लवकर जातो त्याचा उरलेला वाटा मागे राहणाऱ्यांच्या उपयोगी पडतो. कोणी कोणाच्या मरणाची वाट पाहत नाही, कारण कोण कोणाला पोसतो आहे हे कोणालाच माहीत नसते. वाड्यातल्या बायकांच्या भिशीसारखाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे भिशी ज्याला आयुष्य जास्त लाभले त्याला लागते. अनोळखी माणसांनी एकमेकांच्या म्हातारपणाची घेतलेली ही हमी. मला तर ती एखाद्या धर्मकृत्याहून कमी वाटत नाही.

मग हे धर्मकृत्य सुरळीत का चालत नाही? अडचणी तीन आहेत. पहिली अडचण माणसाच्या स्वभावाची. आपण पुष्कळ जगू असे ज्याला वाटते तोच वर्षासन घ्यायला येतो. दुखणाईत माणूस पैसे जवळ ठेवतो. म्हणजे भिशीत दीर्घायुषीच गोळा होतात, आणि प्रत्येकाचा वाटा लहान होतो. दुसरी अडचण व्याजाची. ज्या दिवशी तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी व्याजदर उतरलेला असला, तर त्याची शिक्षा जन्मभर भोगावी लागते. त्यात तुमचा गुन्हा काय, तर जन्मतारीख. तिसरी अडचण महागाईची. वर्षाला सहा टक्क्यांनी भाव वाढत राहिले तर बारा वर्षांत रुपया आठ आण्यांचा होतो. बहुतेक वर्षासने ठराविक रकमेची असतात. कागदावर ती तशीच्या तशी राहतात. पिशवीत मात्र निम्मी भाजी येते.

माझा धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागल्यामुळे त्याला वडिलांसारखे निवृत्तिवेतन नाही. त्याचे आणि सरकारचे पैसे एका निधीत जमतात, ते बाजारात गुंतवले जातात, आणि निवृत्त होताना त्यातल्या किमान चाळीस टक्क्यांचे वर्षासन घ्यायचे, अशी अट घालून दिलेली. १४ मार्च २०२३ पासून राज्यातील सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा तोही गेला होता. त्याचे म्हणणे सरळ होते: "दादा, बाजार पडला तर मी पडणार, व्याज उतरलं तर मी उतरणार, आणि जास्त जगलो तर तोही माझाच दोष. मग नोकरी देणाऱ्याने कसली जबाबदारी घेतली?" केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या नोकरांसाठी एक मधली वाट काढली: पंचवीस वर्षे नोकरी झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी. म्हणजे जोखीम एकट्या माणसावर टाकणे बरोबर नाही, हे सरकारलाही कोठेतरी पटले असावे.

पण येथे मला दुसऱ्या बाजूचे म्हणणेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख एका कुटुंबाची तक्रार ठरेल. वडिलांना जे मिळाले त्यासाठी कोणी निधी बाजूला ठेवला नव्हता. दरवर्षीच्या करातून ते देत राहायचे, अशी ती पद्धत. कर म्हणजे अखेर कोणाचे पैसे? काडेपेटी घेणारा शेतमजूरही तो भरतो. त्या मजुराच्या म्हातारपणाला काय आहे? दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाला केंद्राचा वाटा म्हणून दरमहा दोनशे रुपये २००७ साली ठरले, ऐंशीच्या पुढे पाचशे. आपल्या राज्याने त्यात भर घालून २०२३ साली दीड हजार केले. त्या योजनेला नाव मात्र मोठे समर्पक दिले आहे: श्रावणबाळ. ज्यांना कावड उचलणारा मुलगा नाही त्यांची कावड राज्याने उचलायची. कल्पना उदात्त आहे. कावडीत किती घातले जाते, हा वेगळा प्रश्न.

शिवाय नुसत्या वचनावर विसंबणे किती धोक्याचे, याचा दाखला अमेरिकेत आहे. स्टुडबेकर हा तिकडचा जुना मोटार कारखाना. कामगारांना निवृत्तिवेतनाचे लेखी वचन होते, पण निधी पुरेसा भरलेला नव्हता. १९६३ च्या डिसेंबरात साउथ बेंड येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर झाले. साठी गाठलेल्यांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले. चाळीस ते साठ वयाच्या सुमारे चार हजार कामगारांना डॉलरमागे पंधरा सेंट मिळाले. चाळीशीच्या आतल्यांना काहीच नाही. वचन देणारे लबाड होते असेही नाही. कारखाना चालतच राहील, असे त्यांना खरोखर वाटत असावे. १९७४ साली तिकडे कायदा झाला: वचन दिलेत तर त्यापोटी पैसा वेळच्या वेळी बाजूला काढा, आणि बुडालात तर भरपाई देणारी यंत्रणा असो. एका गावच्या अश्रूंची दखल घ्यायला अकरा वर्षे लागली.

मामाच्या योजनेतही हीच रड आहे. निधीत मालकाच्या हिश्शातून ८.३३ टक्के आणि सरकारकडून १.१६ टक्के येतात, तेही मर्यादेपर्यंतच्या पगारावर. २०१४ साली ही मर्यादा १५,००० झाली. पस्तीस वर्षे नोकरी केली तरी सूत्राने येतात ७,५००. त्याच वर्षी किमान निवृत्तिवेतन हजार रुपये ठरले, म्हणजे त्याआधी कित्येकांना त्याहून कमी मिळत होते! ते वाढावे म्हणून बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरात म्हातारी माणसे साखळी उपोषणाला बसली. निधीत विमागणितानुसार तूट आहे, हे सरकारचे उत्तर. दोघेही खरे बोलतात. पण तूट कोणी निर्माण केली? ज्यांनी सांगितले तेवढे, सांगितले तेव्हा भरले, त्यांनी तर नव्हे.

तेव्हा माझ्यापुरते मी काय ठरवले ते सांगतो. जो वचन देतो त्याने त्याचा पैसा आजच बाजूला ठेवावा. नातवाच्या खात्यावर आजोबांनी उदार होऊ नये. हे एक. आणि दुसरे, किती काटकसर करावी हे माणसाच्या हाती आहे. किती जगावे हे नाही. जे त्याच्या हाती नाही त्याचा दंड एकट्याच्या माथी मारू नये. आयुष्याची लांबी आणि रुपयाची घसरण, या दोन गोष्टींची जोखीम सर्वांनी मिळून वाहण्याची आहे. त्यासाठी आपल्याला, म्हणजे आज कमावत्या असलेल्यांना, जास्त भरावे लागेल. ते नको असेल तर आशीर्वाद देताना आपणही आकडा सांभाळून उच्चारावा, हेच प्रामाणिकपणाचे.

कोणी म्हणेल, मामाला तुम्ही भाचे आहात, मुलगी आहे. उपाशी थोडाच राहणार तो? खरे आहे, राहणार नाही. मीही त्याला तसेच म्हणालो होतो. त्यावर तो काही बोलला नाही. त्याला भूक भेडसावत नाही. मागावे लागण्याचे भय वाटते. चांगल्या घरातल्या चांगल्या मुलांपुढेसुद्धा हात पसरताना तो हात थरथरतोच.

त्या दिवशी ओवाळून झाल्यावर त्याने खिशातून पाकीट काढून तबकात ठेवले होते. आक्का म्हणाली, "अरे, इतके कशाला? तुझ्यापेक्षा मला जास्त मिळतात." तिने ते परत करण्यासाठी हात पुढे केला. मामाने तिचा हात हलकेच बाजूला सारला.

"आक्का, ते दान नाही. तुझा हक्क आहे," तो म्हणाला.

निरांजन अजून तेवत होते. आक्काने पाकीट कपाळाला लावले आणि कनवटीला खोचले.